नव्या नायट्रो इंजिनाचे रनिंग-इन थंड ठेवून करू नये

मा. संपादक यांस,

स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत नायट्रो इंधनावर, म्हणजे नायट्रोमिथेन आणि तेल मिसळलेल्या मिथेनॉलवर, धावणाऱ्या रिमोट कंट्रोल गाड्यांच्या छंदाविषयीचा लेख वाचला. मराठी वृत्तपत्रात या विषयाला अर्धे पान मिळाले याचे अप्रूप वाटले आणि लेखही उत्साहाने लिहिलेला आहे. मात्र नव्या इंजिनाच्या रनिंग-इनबद्दल, म्हणजे त्याचे भाग सुरुवातीला एकमेकांत बसवून घेण्याबद्दल, त्यात जो सल्ला दिला आहे, म्हणजे गाडी स्टँडवर ठेवून, कार्बुरेटरची इंधन सोडणारी सुई भरपूर उघडी ठेवून, चार-पाच टाक्या इंधन संपेपर्यंत इंजिन नुसते आयडलवर आणि होईल तितके थंड चालवावे, तो या जातीच्या इंजिनाला मारक आहे. कोल्हापूरच्या उद्यमनगरात लाईनर-पिस्टनच्या कामात माझे आयुष्य गेले. निवृत्तीनंतर आमच्या भागातील मुले आपली ही छोटी इंजिने घेऊन माझ्याकडे येतात आणि त्यांतील बरीचशी याच सल्ल्याने खराब झालेली असतात, म्हणून थोडे सविस्तर लिहीत आहे.

हा सल्ला कोठून आला असावा, याचा अंदाज करता येतो. नवी स्कूटर किंवा मोटार घेतली की पहिले पाचशे-हजार किलोमीटर ती रेटायची नाही, मागच्या काचेवर ‘रनिंग इन’ अशी पट्टी लावून इतरांना पुढे जाऊ द्यायचे, हा शिरस्ता आमच्या पिढीच्या चांगला अंगवळणी पडला होता. त्या इंजिनांमध्ये बिडाच्या सिलिंडरात पिस्टनच्या रिंगा घासत असतात. होनिंगमुळे (दगडाने घासून केलेल्या शेवटच्या कामामुळे) सिलिंडरच्या आतल्या बाजूला बारीक रेघांची जी जाळी उमटलेली असते, तिचे उंचवटे आणि रिंगेची धार एकमेकांवर घासून बसेपर्यंत इंजिन फार तापू न देणे हेच तेथे शहाणपणाचे असते. नायट्रो गाडीच्या इंजिनात मात्र बहुतेक वेळा मुळात रिंगच नसते, आणि सगळा फरक येथूनच सुरू होतो.

एक-अष्टमांश मापाच्या, बग्गी प्रकारच्या रिमोट गाडीत बसवतात ते इंजिन उदाहरणादाखल घेऊ. त्याचे आकारमान ०.२१ घनइंच, म्हणजे जवळपास ३.५ सीसी, आणि बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, सुमारे १६ मिलिमीटर. पिस्टन सिलिकॉनचे प्रमाण जास्त असलेल्या ॲल्युमिनियमचा, लाईनर पितळेचा आणि लाईनरला आतून कठीण क्रोमचा मुलामा, अशी त्याची रचना असते. छंदातली मंडळी तिला एबीसी म्हणतात, आणि क्रोमच्या जागी निकेल असले तर एबीएन. लाईनर सरळ नळीसारखा नसतो, तर वरच्या टोकाकडे शतांश मिलिमीटरांत मोजावा इतका निमुळता केलेला असतो. त्यामुळे थंड असताना पिस्टन वरच्या टोकाशी येऊन अडकतो. फ्लायव्हील हाताने फिरवले तर त्या जागी ते चांगलेच जड लागते, कधी कुरकुरण्याचा आवाजही येतो, आणि नवशिक्याला वाटते की आपल्या माथी सदोष माल मारला. वस्तुतः हा चिमटा मुद्दाम ठेवलेला असतो. पितळ तापले की फुगते. १६ मिलिमीटरचा पितळी लाईनर ३० अंश सेल्सिअसवरून १०५ अंशांवर गेला की त्याचा व्यास साधारण दोन शतांश मिलिमीटरने वाढतो. जास्त सिलिकॉनचे ॲल्युमिनियम साध्या ॲल्युमिनियमपेक्षा पुष्कळच कमी फुगते, पितळेपेक्षाही थोडे कमीच. म्हणून इंजिन कामाच्या तापमानाला आले की लाईनरचा गळा मोकळा होतो आणि पिस्टन त्यात तेलाच्या पातळ पापुद्र्यावर नेमका बसतो. कारखान्यात ही मापे धरलेली असतात ती गरम इंजिनासाठी.

आता लेखातील कृती पाहू. सुई भरपूर उघडी ठेवली की मिश्रणात मिथेनॉल जरुरीपेक्षा जास्त जाते. एक किलो मिथेनॉलची वाफ व्हायला पेट्रोलच्या सुमारे तिप्पट उष्णता लागते. शिवाय तेवढ्याच हवेबरोबर जाळण्यासाठी वजनाने पेट्रोलच्या दुपटीहून अधिक मिथेनॉल द्यावे लागते, कारण पेट्रोलला आपल्या वजनाच्या सुमारे १४.७ पट हवा लागते तर मिथेनॉलला जेमतेम ६.४ पट. त्यावर आणखी जास्तीचे इंधन ओतले तर ते इंजिनाला आतून गार करत राहते आणि हेडचे तापमान ६०-७० अंशांच्या वर सरकतच नाही. बाहेरून पाहणाऱ्याला वाटते की इंजिन किती निवांत, किती सुखाने चालले आहे! आत मात्र न फुगलेल्या गळ्यातून पिस्टन प्रत्येक फेऱ्याला जबरदस्तीने ढकलला जात असतो, आणि नुसत्या आयडलवरही हे इंजिन मिनिटाला हजारो फेरे घेते. या ओढाताणीचा मार पडतो तो कनेक्टिंग रॉडच्या खालच्या बुशवर, क्रँकपिनवर आणि पिस्टनच्या माथ्याच्या कडेवर. चार-पाच टाक्यांनंतर फ्लायव्हील हलके फिरू लागते आणि मालक खूश होतो की इंजिन ‘मोकळे’ झाले. प्रत्यक्षात जो चिमटा पुढे कित्येक लिटर इंधन जाळेपर्यंत पुरायचा, तो त्याने पहिल्याच दिवशी झिजवून टाकलेला असतो.

अशा इंजिनाची खूण अगदी ठरलेली आहे. सकाळी थंड असताना ते एका झटक्यात सुरू होते, दहा मिनिटे धावते, आणि गरम झाल्यावर एकदा बंद पडले की पुन्हा सुरू होत नाही. हेडवर गार पाणी शिंपडले किंवा अर्धा तास थांबले की परत सुरू होते. मुले ग्लो प्लग (इंधन पेटवणारी तापती तार असलेला प्लग) बदलतात, कार्बुरेटर उघडतात, दोष इंधनाला देतात. खरे कारण असे असते की गरम लाईनर फुगला, पिस्टन त्याला पुरेनासा झाला आणि कॉम्प्रेशन गेले.

योग्य रीत याच्या उलट आहे, आणि ती फारशी अवघडही नाही. इंजिन सुरू करण्यापूर्वीच केस वाळवण्याच्या यंत्राने किंवा हीट गनने हेड ८०-९० अंशांपर्यंत तापवून घ्यावे. मुख्य सुई कारखान्याच्या मापापेक्षा थोडी सैल, म्हणजे मिश्रण रिच (जास्त इंधनाचे), ठेवावी, पण इंजिन फडफडून गुदमरेल इतके नव्हे. सुरू झाल्यावर ते आयडलवर ताटकळत न ठेवता गाडी सपाट जागेवर फिरवावी, थ्रॉटल थोडा देऊन सोडावा, पुन्हा द्यावा, आणि पूर्ण थ्रॉटलवर दोन-तीन सेकंदांहून जास्त राहू नये. हेडचे तापमान ९५ ते १०५ अंशांच्या दरम्यान राहिले पाहिजे. थंडीत ते चढत नसेल तर सुई कसण्याऐवजी हेडच्या पंखांभोवती ॲल्युमिनियमची फॉइल गुंडाळावी. उष्णता अडवून धरायची, इंधन तोडायचे नाही. अर्धी-पाऊण टाकी झाली की इंजिन बंद करून पिस्टन खालच्या टोकाला आणून ठेवावा आणि ते पूर्ण निवू द्यावे. पिस्टन वर राहिला तर निवताना आक्रसणारा लाईनर त्याला तेथेच आवळून धरतो. फ्लायव्हीलवर नेलपॉलिशचा एक ठिपका देऊन खालच्या टोकाची जागा कायमची नोंदवून ठेवली की दरवेळी अंदाज करावा लागत नाही. अशा तापण्या-निवण्याच्या आवर्तनांतून १२५ मिलिलिटरच्या सात-आठ टाक्या, म्हणजे सुमारे एक लिटर इंधन, गेले की सुई हळूहळू कसत नेहमीच्या ठिकाणी आणता येते.

तापमान मोजण्यासाठी इन्फ्रारेड थर्मामीटर लागतो, आणि तो ग्लो प्लगच्या बुडाशी धरायचा असतो. करोनाच्या काळात घरोघरी आलेली कपाळावर धरायची गन या कामी चालत नाही, कारण ती माणसाच्या शरीराच्या तापमानापुरतीच असते. हेडवर धरली तर ती नुसती चूक दाखवते. कारखान्यात वापरतात तोच हवा.

लेखकाच्या बाजूनेही दोन गोष्टी सांगायला हव्यात. रनिंग-इनमध्ये मिश्रण रिच असावे हे त्यांचे म्हणणे बरोबर आहे, कारण या इंजिनाला तेलाची वेगळी सोय नसते. एरंडेल आणि सिंथेटिक तेल इंधनातच मिसळलेले असते आणि नव्या बुशला, बेअरिंगला ते भरपूर मिळायला हवे. दुसरे असे की मॉडेल विमानांच्या आणि बोटींच्या काही मोठ्या इंजिनांत रिंग असते, आणि त्यांना रिच व थंड सुरुवातच मानवते. लेखकाने ती रीत कदाचित तेथून घेतली असेल. इंजिनाबरोबर आलेल्या पुस्तिकेत वेगळे काही सांगितले असेल तर अर्थातच ती प्रमाण मानावी. माझा आक्षेप ‘रिच’ या शब्दाला नाही, तो ‘थंड’ या शब्दाला आहे.

ट्यूनिंगबद्दल लेखात एकच वाक्य आहे: धूर दिसेनासा होईपर्यंत आणि आवाज धारदार होईपर्यंत सुई कसत जावी. हे वाचून मी वर्तमानपत्र खाली ठेवले. या इंजिनाच्या सायलेन्सरमधून पूर्ण थ्रॉटलवरही निळसर धुराची बारीक रेघ दिसत राहिलीच पाहिजे, कारण तो धूर म्हणजे इंजिनातून वाहून आलेले तेल असते. सुई कसली की इंधन कमी होते आणि त्याच प्रमाणात तेलही कमी होते. असे लीन, म्हणजे कमी इंधनाच्या मिश्रणावर चालणारे, इंजिन एकाच वेळी जास्त तापते आणि जास्त कोरडे होते, म्हणून ते इतक्या झटपट मरते. मिनिटाला तीस हजारांच्या पुढे फेरे घेणाऱ्या इंजिनाचा पिस्टन सेकंदाला पाचशे वेळा वरखाली होत असतो; तेल तुटले तर तुम्ही थ्रॉटल सोडेपर्यंत सगळे आटोपलेले असते. मरण्याआधी असे इंजिन सर्वांत सुरेख आवाज काढते, हीच तर नवशिक्याची फसगत.

कार्बुरेटरला सहसा तीन जागा असतात: वरच्या वेगाची मुख्य सुई, खालच्या वेगाची सुई आणि आयडलचा स्क्रू. घड्याळाच्या दिशेने सुई फिरवली की मिश्रण लीन, उलट दिशेने रिच. हे काम नेहमी इंजिन पूर्ण गरम असतानाच करायचे आणि मुख्य सुईपासून सुरुवात करायची, कारण तिचा परिणाम खालच्या सुईवरही होतो. एकावेळी आठव्या भागाहून जास्त फेरा देऊ नये, आणि प्रत्येक बदलानंतर गाडी दोन-तीन फेऱ्या पळवून मगच मत बनवावे. सरळ पट्ट्यावर गाडी जोर धरत नाही, आवाज फुटका-फडफडता येतो आणि धूर दाट आहे, तर मुख्य सुई रिच आहे; आधी सुसाट पळून पट्ट्याच्या शेवटी एकदम दम सोडते, तर ती लीन आहे.

खालच्या सुईची परीक्षा निराळी. गरम इंजिन आयडलवर असताना कार्बुरेटरजवळ इंधनाची नळी चिमटीत दाबून धरावी. दोन-तीन सेकंदांत वेग किंचित वाढून इंजिन बंद पडले तर सुई ठीक आहे. दाबताच बंद पडले तर लीन, आणि बराच वेळ वेग वाढत जाऊन मग बंद पडले तर रिच. आयडलवर थोडा वेळ ठेवल्यावर वेग आपोआप उतरत गेला आणि थ्रॉटल देताच धुराचा लोट सोडून इंजिन अडखळले, तरी ते रिचचेच लक्षण. थ्रॉटल सोडल्यावर वेग खाली यायला तयार नसेल तर बहुधा खालची सुई लीन असते. सुई सैल करूनही फरक पडत नसेल तर कार्बुरेटरच्या बुडाशी किंवा मागच्या झाकणापाशी बाहेरची हवा शिरत असते. तेथील ओ-रिंग पाहावी आणि सुईशी भांडण थांबवावे.

तापमानाचा आकडा येथेही उपयोगी आहे, पण सोबती म्हणून. चांगले बसलेले इंजिन जोरात पळवल्यावर साधारण १०० ते १२० अंशांत असते. कोणाचे इंजिन १०८ वर उत्तम चालते, कोणाचे ११८ वर. प्लगची जात, हेडखालच्या शिमची (पातळ चकतीची) जाडी, इंधनातील नायट्रोमिथेनचे प्रमाण, वारा यांवर ते ठरते. अमुक अंश गाठायचेच म्हणून सुई फिरवत बसणारी मुले मी पाहतो आणि त्यांना आधी धूर बघायला, आवाज ऐकायला सांगतो. प्लग काढून पाहणे हाही एक पुरावा आहे. प्लॅटिनमच्या तारेचे वेटोळे सरळ आणि चकचकीत, ओले दिसले तर मिश्रण रिच. तार करडी पडून वेडीवाकडी झाली असेल तर लीन. ग्लो प्लगमध्ये ठिणगी नसते. सुरू करताना दीड व्होल्टच्या आसपासचा पुरवठा देऊन ही तार लाल करतात, पुढे प्लॅटिनम आणि मिथेनॉल यांच्या रासायनिक क्रियेने आणि ज्वलनाच्या उष्णतेने ती स्वतःच तापलेली राहते. अमेरिकेत रे आर्डेन यांनी १९४७ च्या सुमारास हा प्लग बाजारात आणला, आणि बॅटरी-कॉईलचे ओझे गेल्यामुळे छोट्या इंजिनांचा मार्ग मोकळा झाला. नायट्रोमिथेनच्या रेणूत स्वतःचाच ऑक्सिजन असतो, त्यामुळे तेवढ्याच हवेत त्याचे कितीतरी जास्त इंधन जाळता येते. १६ टक्क्यांच्या डब्यावरून २५ टक्क्यांच्या डब्यावर गेलात तर सुई आधी सैल करावी लागते ती यामुळेच.

लेखात हवेचा उल्लेखच नाही, आणि आपल्या राज्यात तो टाळून चालत नाही. कोल्हापूर आणि पुणे समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटरवर आहेत. तेथे हवेचा दाब मुंबईपेक्षा सुमारे सहा टक्क्यांनी कमी असतो. येथे नेमके जुळवलेले इंजिन मुंबईत किंवा गोव्यात नेले की दाट हवेत तीच सुई लीन ठरते. पवईच्या आयआयटीच्या टेकफेस्टमध्ये इंजिनावरच्या रिमोट गाड्यांच्या शर्यती झालेल्या आहेत. घाटावरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतील जी मुले अशा ठिकाणी गाडी नेतात त्यांनी उतरल्यावर पहिले काम सुई थोडी सैल करण्याचे करावे. मुंबईहून वर येणाऱ्यांचे मिश्रण फार तर रिच होईल, इंजिन वाचेल. एकाच गावातही दिवसभरात हा फरक पडतो. पहाटे १५ अंश आणि दुपारी ३३ अंश अशा दिवशी हवा जवळपास तेवढ्याच सहा टक्क्यांनी विरळ होते. म्हणून दुपारी कसलेली सुई दुसऱ्या दिवशी पहाटे तशीच ठेवून गाडी पळवणे धोक्याचे. पावसाळ्यात हवेतील बाष्प ऑक्सिजनची जागा घेते, तेव्हा सुई किंचित कसावी लागते. उन्हाळ्यात आमच्याकडची लाल धूळ मात्र सुईने आवरत नाही. तिला हवेच्या गाळणीचा फोम दर वेळी धुऊन, तेल लावून बसवणे हाच उपाय.

दिवस संपला की टाकी रिकामी करून, इंजिनात उरलेले इंधन जाळून टाकावे आणि प्लगच्या भोकातून व कार्बुरेटरमधून आफ्टर-रन तेलाचे (गंज रोखणाऱ्या तेलाचे) काही थेंब सोडून फ्लायव्हील फिरवावे. मिथेनॉल हवेतील ओलावा ओढून घेते, आणि कोकणात किंवा पावसाळ्यात देशावरही एका आठवड्यात बेअरिंग गंजलेले सापडते.

शेवटचा मुद्दा इंजिनाचा नाही, माणसांचा आहे. तयार इंधन मिळाले नाही तर मिथेनॉल आणि एरंडेल आणून घरच्या घरी मिश्रण करावे, असे लेखात सुचवले आहे. मिथेनॉल हे विष आहे आणि त्याच्या विक्रीवर कायद्याने निर्बंध आहेत. ते पोटात गेले तर दृष्टी जाते आणि जीवही जातो, कातडीतूनही ते शरीरात शिरते, आणि त्याची ज्योत उन्हात डोळ्यांना दिसत नाही. जून २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे दगावली, ती मिथेनॉलमुळेच. हा छंद शाळकरी मुलांच्या घरांतही आहे. अशा घरात पाण्याच्या बाटलीसारख्या बाटलीत हे मिश्रण ठेवले जाण्याची कल्पनाही नको. तयार इंधनही मूळ डब्यात, झाकण घट्ट लावून, कुलपात ठेवावे आणि हातमोजे घालून, उघड्यावर भरावे.

रनिंग-इनबद्दल मतभेद असू शकतात आणि लेखकाने माझ्या म्हणण्याचा प्रतिवाद केला तर तो मी आनंदाने वाचेन. घरगुती मिश्रणाचे ते वाक्य मात्र आपण पुढील रविवारच्या पुरवणीत, मूळ लेख आला होता त्याच पानावर, दुरुस्त करून छापावे अशी विनंती आहे.

आपला,
एक निवृत्त यंत्रकारागीर, कोल्हापूर